फाळक्यावरची मोटार

ट्रकच्या मागे रंगवलेली ती मोटार मी पहिल्यांदा पाहिली ती मोबाईलवर, शुक्रवारी सकाळी सव्वानऊला, अमरावतीत, कॉलेजला निघताना एक चप्पल पायात घालून झाल्यावर. थोरल्या भावाचं स्टेटस होतं. पहिल्या फोटोत कोरा करकरीत ट्रक, झेंडूचे हार, काचेवर हळदकुंकवाचं स्वस्तिक. दुसऱ्या फोटोत ट्रकची मागची बाजू. मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल भरताना खाली सोडतात त्या झडपेवर, एक चंदेरी मोटार होती. लांब, बुटकी, समोरच्या दिव्यापासून शेपटापर्यंत एकच रेघ गेलेली. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : मामाची बॉडी, भाचीची गाडी.

दुसरी चप्पल मी घातलीच नाही. तशीच पायरीवर बसले.

ही मोटार तोवर जगाने पाहिलेली नव्हती. नऊ दिवसांनी परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनात तिच्यावरचं कापड ओढलं जाणार होतं. त्याआधी ती बाहेर दिसली आणि माझ्या मुलीमुळे दिसली असं ठरलं, तर मुलीची नोकरी जाणार होती. आणि ते चित्र भावाला पाठवलं होतं मी.

मी कॉलेजात कार्यालयाचं काम बघते. परीक्षेचे अर्ज, रजा, दाखले, फर्निचरची नोंद, सगळं माझ्याकडून जातं. घरीही माझ्या याद्या असतात आणि झालेल्या याद्या मी टाकत नाही, फाईलला लावते. गेल्या दिवाळीत किती माणसं जेवली, कोणाला कोणती साडी दिली, गॅस कधी बदलला, हे मला विचारा. नवरा नोकरीनिमित्त आठवडाभर यवतमाळला असतो. तोही फोन करून हेच विचारतो. आमची एकुलती एक मुलगी शिकायला इटलीला गेली आणि तिथेच तुरीन शहरात मोटारींची बॉडी घडवणाऱ्या एका जुन्या घराण्यात कामाला लागली. त्यांची स्वतःची मोटार कुठल्याही दुकानात मिळत नाही. कोरिया, जपान, चीन, अमेरिका, कुठलीही कंपनी येते, पुढच्या दहा वर्षांतली आपली गाडी कशी दिसावी ते काढून द्या म्हणते, आणि हे लोक ती एकच गाडी तयार करून देतात. फक्त दाखवायला.

हे सगळं मला नीट समजलं ते दिवाळीत. मुलगी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आली होती. भाऊबीजेला अकोल्याहून भाऊ आला. त्याचा अकोल्यात ट्रकची बॉडी बांधायचा कारखाना आहे. कंपनीकडून नुसती चासी येते, चाकं, इंजिन आणि पुढची केबिन. मागचं सगळं भाऊ बांधतो. ओवाळणं झालं, ताटं उचलली, आणि त्याने भाचीला विचारलं, "तू करतं काय व तिकडे नेमकं? लोकं इचारतात मले. मी म्हनतो, गाडीचं काहीतरी करते."

"मामा, तुम्ही करता तेच. गाडी दुसऱ्या देशाच्या कंपनीची, बॉडी आमची."

"म्हंजे तुमी बी बॉडीवालेच म्हना की!" भाऊ एकदम सरसावून बसला. "महिन्याले किती गाड्या निघतात?"

"दीड वर्षात एक."

"एक?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "आन ते पळते तरी का?"

"स्टेजवर चढण्यापुरती."

"मंग इकता कोनाले?"

"विकायची नसते मामा. लोकांना दाखवायची. ते काय म्हणतात ते बघून कंपनी ठरवते, तशी गाडी काढायची की नाही."

"हे तर मुलगी दाखवाचा कार्यक्रमच झाला!" भाऊ म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की मुलीला ठसका लागला.

मग त्याने हट्ट धरला, काढून दाखव. मुलीने टेबलावरचा कागद ओढला. ती माझी यादी होती, तिच्या बॅगेत भरायच्या वस्तूंची : मेतकूट, शेवया, सांडगे, तिखट. यादीच्या मागच्या बाजूला मुलीने पेन्सिल टेकवली आणि समोरच्या दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत न उचलता एकच रेघ काढली. मग चाकं. मग दार, आणि दाराजवळ एक बाण काढून लिहिलं, 'दार इथून मागे'. दार बाहेर उघडायचं नाही. गाडीच्या अंगातच मागे सरकायचं, आणि मधे खांबही ठेवायचा नाही, हीच त्या मोटारीची गंमत होती.

"सरकता दरवाजा तर आपल्या व्हॅनले बी असते," भाऊ म्हणाला. पण तो कागद त्याने डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, आणि खांबाशिवाय छत कसं धरतं ते दोनदा विचारलं.

"मामा, कोणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली. "तिकडे आत जाताना आमचे मोबाईल कपाटात कुलपात ठेवतात. कंपनीचं नावसुद्धा आम्ही घेत नाही, नंबर घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हे फाडून टाक."

मी हो म्हटलं. फाडलं नाही. यादी होती ती, आणि मागे तिच्या हातची रेघ होती. मी तो कागद पंच केला आणि फाईलला लावला.

फेब्रुवारीत भावाचा फोन आला. पोरीनं काढलेलं ते चित्र आहे का, फोटो पाठव, कारागिरांना दाखवायचंय. मी विचारलं, कशाला? "अवं, त्याईले वाटते आपनच काय ते बॉडीवाले. दाखवतो, माही भाची काय चीज आहे." मी फाईल काढली, फोटो घेतला आणि पाठवण्याआधी कडेची पंचची भोकं कापून टाकली. म्हणजे ते चित्र आणखीच नीटनेटकं दिसायला लागलं.

मग त्या स्टेटसच्या आदल्या दिवशीचा गुरुवार. संध्याकाळी मी कुकर लावत होते तेव्हा मुलीचा फोन आला. तिची जेवणाची सुट्टी होती. आवाज बारीक होता. म्हणाली, दहा दिवस राहिले, आणि काल एका सहकाऱ्याला काढलं. त्याने ऑफिसातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला होता आणि मागच्या काचेत मोटारीचं शेपूट दिसत होतं. इतकंच. दुपारी त्याने कार्ड दाराला लावलं तर दार उघडेना. अकरा वर्षं होता तिथे. कोणी त्याच्याशी बोललं नाही. त्याचा मग आणि चपला एका खोक्यात घालून फाटकावर पाठवल्या.

"तू सांभाळून राहा," मी म्हणाले.

"मी सांभाळूनच असते आई."

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून फाईल पाहिली. कागद जागेवर होता. फोटो पाठवल्याचंही आठवलं. पण भाऊच तो, आणि त्याचे कारागीर ते, तुरीनशी त्यांचा काय संबंध, असं म्हणून मी कपाट लावलं. सकाळी सव्वानऊला तो संबंध फाळक्यावर दिसला.

भावाला सहा फोन केले. उचलेना. कारखान्यात ग्राइंडर सुरू असला की त्याला फोन ऐकू येत नाही. 'स्टेटस काढ. आत्ता.' एवढं लिहून ठेवलं. प्राचार्यांना रजेचा निरोप पाठवला, गॅस बंद आहे का दोनदा पाहिलं, आणि स्कूटरने बसस्टँड गाठलं. अकोल्याची बस लागलेलीच होती. खिडकीजवळ बसले तर बोटं गार पडली होती. मार्च सुरू झालेला, पत्रा तापायला लागलेला, आणि माझी बोटं गार.

बडनेऱ्याच्या पुढे मी डायरी उघडली. यादी केली की मला बरं वाटतं, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत. लिहिलं : स्टेटस काढणे. ट्रक शोधणे. चित्र पुसणे. फोटो कोणाकोणाकडे गेला ते विचारणे. चौथ्या ओळीपाशी पेन थांबलं. भावाचं स्टेटस कोण बघतं? ट्रकमालक, पत्र्याचे व्यापारी, सुट्या भागांचे दुकानदार, नागपूरपासून मद्रासपर्यंतचे ड्रायव्हर. त्यांची यादी माझ्याकडे नव्हती. कोणाकडेच नव्हती.

मग मी वेळेचा हिशेब मांडला. आपल्याकडे साडेदहा म्हणजे तिथे सकाळचे सहा. मुलगी झोपलेली. तिचं ऑफिस नऊला, म्हणजे आपला दीड. दीडनंतर तिचा मोबाईल कुलपात. तोवर कोणाच्या नजरेला ते पडलं, तर तिचं कार्ड दाराला लागणारच नाही, आणि ती फाटकाबाहेर उभी राहून विचार करेल की आपलं चुकलं काय. माझ्या डोळ्यांपुढे ते खोकं सारखं येत होतं. त्यात तिचा मग, तिची शाल, माझ्या मेतकुटाची बरणी.

मूर्तिजापूरच्या थांब्यावर भावाचा फोन आला.

"कावून व बाई, सहा-सहा फोन? घरी सारं ठीक आहे नं?"

"आधी स्टेटस काढ."

"कोनतं?"

"ट्रकचं. मागच्या बाजूचं." बस थांबलेली होती, सगळे गप्प होते, मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मी तोंडावर पदर धरला.

"कावून? फोटो खराब आला का? अवं, लोकाईचे किती मेसेज येऊन राहिले! नागपूरच्या एका पार्टीनं तर इचारलं, हे कोन्या कंपनीचं मॉडेल होय म्हने."

"तू काय सांगतलं त्याले?"

"सांगतलं, हे मॉडेल अजून बाजारात याचं आहे."

याहून वाईट उत्तर त्याला शोधूनही सापडलं नसतं.

"दादा," मी म्हटलं, "पोरीची नोकरी जाईन."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. भावाने कोणाला तरी हाक मारली आणि तो बंद झाला. मी हळू आवाजात केकची गोष्ट सांगितली.

"मले वाटलं झालं अशीन ते परदर्शन," तो म्हणाला. "चार महिने झाले व बाई. आमच्यात चांगलं काम झालं की फाळक्यावर टाकतेत. गाडी जाईन तिथं नाव जाते. झाकून ठेवलं तर कोनाले समजन, कोनं केलं ते?"

त्याचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्याच्या धंद्यात ते तसंच असतं. मी मात्र कॉलेजात गोपनीय लिफाफ्यांना सील लावणारी बाई. मला कळायला हवं होतं.

"ट्रक कुठी आहे?"

"मालक सकाळीच घेऊन गेला. जिनिंगवर लागला अशीन. गाठी भरून आज दुपारीच निंगतो म्हने. तामिळनाडूले."

अकोल्याच्या स्टँडवर भाऊ गाडी घेऊन उभा होता. स्टेटस त्याने काढून टाकलं होतं. मागच्या सीटवर त्याचा पेंटर, दोन पायांमधे रंगाचे डबे धरून. पंचवीस वर्षं भावाच्या ट्रकांवर अक्षरं काढणारा माणूस, मला पहिल्यापासून ताई म्हणतो. आज नुसती मान हलवली. साडेबारा वाजले होते. आम्ही शहराबाहेर पडलो. मग पेंटर मागून म्हणाला, "तीन दिवस लागले ताई मले ते रेघ साधाले. पोरीनं एकदाच काढली, न उचलता. मी चारदा पुसली."

जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या आवारात पांढरी रुई उडत होती. भावाने बांधलेला ट्रक फलाटाला पाठ लावून उभा होता आणि हमाल गाठी आत लोटत होते. फाळका खाली सोडलेला. म्हणजे ती मोटार आतल्या बाजूला तोंड करून लटकत होती, कोणालाच दिसत नव्हती. क्षणभर मला वाटलं, अशीच राहू दे. पण गाठी भरून झाल्या की फाळका वर चढणार आणि मोटार तामिळनाडूपर्यंत सगळ्यांना दिसत जाणार. आणि गाठी भरेपर्यंत आम्हाला हातही लावता येत नव्हता. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

मालक दर्यापूरकडचा, पन्नाशीचा, कपाळावर सकाळच्या पूजेचा टिळा तसाच. भावाने सांगायला सुरुवात केली तसा तो हसला.

"चित्र पुसाचं? कावून? रस्त्यानं लोकं गाडी थांबवून फोटो काढून राहिले तुमच्या भाचीचे... म्हंजे गाडीचे."

मी त्या फोटो काढणाऱ्यांचा विचार मुद्दाम पुढे ढकलला.

"मी नवा फाळका बसवून देतो तुमाले," भाऊ म्हणाला.

"मले नवा नाही पाहिजे, हाच पाहिजे. आन आज पहिली खेप आहे. पुजेच्या दिवशी गाडीले काळं फासू म्हनता?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. सांगायचं तर गुपित आणखी एका माणसाकडे जात होतं, न सांगायचं तर ट्रक सुटत होता. मी मालकाला फलाटापासून बाजूला बोलावलं. कंपनी नाही, देश नाही, प्रदर्शन नाही, एवढंच म्हणाले, "हे चित्र माझ्या मुलीनं घरी काढलं होतं. ते बाहेर जायचं नव्हतं. माझ्या हातून गेलं. तिची नोकरी यावर आहे."

त्याचा हसरा चेहरा बदलला. "पोरगी एकटी राहते का तिकडे?"

"हो."

त्याने हमालांकडे पाहिलं. "माही बी आहे एक. पुन्याले," म्हणाला. मग पेंटरला हाक मारली. "ओ मिस्त्री! काळं नका लावू पन. दुसरं काहीतरी काढा, पाहाले बरं वाटन असं."

शेवटची गाठ चढायला पावणेदोन झाले. दीड उलटून गेला होता. मुलगी आत गेली असेल, किंवा फाटकावर असेल. फाळका वर आला आणि मोटार उन्हात समोर उभी राहिली. खरं सांगायचं तर ती फार सुंदर होती. पेंटरने ब्रश बुडवला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि मोबाईलवर एक फोटो घेतला. मग आणखी एक. उद्या कोणी विचारलं की नेमकं काय दिसलं, तर अंदाजाने सांगून चालणार नव्हतं.

अर्ध्या तासात पेंटरने मोटारीवर आकाश ओढलं, मग डोंगर, सूर्य, एक झोपडी. खालच्या ओळीतली 'भाचीची गाडी' गेली. 'मामाची बॉडी' राहिली. त्याचाही मी फोटो घेतला. भाऊ ते वाचून दुसरीकडे बघायला लागला. मालकाने आपल्या मोबाईलमधले फोटो माझ्यासमोर पुसले, दोन ग्रुपवर टाकलेले होते तेही सगळ्यांकडून पुसले. भावाने नागपूरच्या पार्टीला फोन लावला. "काढून टाकतो म्हनला," असं सांगितलं. फोटो ज्यांच्याकडे गेला त्यांची नावं मी डायरीत लिहीत होते; या नावापुढे खूण केली नाही. काढून टाकतो म्हणणं वेगळं.

जठारपेठेत भावाच्या घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. वहिनी माहेरी गेलेली. भावाने स्वतः चहा केला, फार गोड. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मिटलं व बाई आता. पोरीले कायले सांगतं? तिचा जीव घाबरा होईन फुकट."

मला तेच हवं होतं. मी उघडपणे कबूल करते. तीन ते साडेपाच मी त्या सोफ्यावर बसून हेच घोकत होते की मिटलं आहे. डायरीत अकरा नावं होती, नऊ खुणा. रस्त्यात थांबून फोटो काढणाऱ्यांची ओळ रिकामी होती, ती कधीच भरणार नव्हती. मुलीला नाही सांगितलं आणि काही झालंच नाही, तर तिला कधी कळू न देता मी मरेन. पण झालं, तर ती फाटकावर उभी राहील आणि खरं बोलूनही खोटी ठरेल. कारण ती सांगेल, मी कोणाला काही दाखवलेलं नाही.

"सांगावं लागन," मी म्हटलं.

"मंग माह्यावर टाक," भाऊ म्हणाला. "म्हन मामानं चोरून घेतलं."

साडेपाचला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, मी फोन केला. तिने उचलला; मागे कँटीनचा गलका होता, म्हणजे ती आत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं, कागदापासून झोपडीपर्यंत. मामावर काही टाकलं नाही. पलीकडे कपबशांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ती बहुतेक बाहेर येऊन उभी राहिली.

"फाडलं नव्हतंस?"

"नाही."

"मी सांगितलं होतं आई."

"हो."

मग तिचा आवाज आला तो अगदी माझ्यासारखा, ऑफिसातल्या माझ्यासारखा. "ट्रकचा फोटो पाठव. चित्र पुसल्यानंतरचाही. कोणी कोणी पाहिलं त्याची यादी लिहून पाठव, वेळेसकट. आणि तो कागद आता फाडू नकोस, त्यांना बघायचा असेल."

"कोणाला?"

"मी आत्ता वर जाऊन सांगणार आहे. त्यांना बाहेरून कळलं तर मी संपले. माझ्याकडून कळलं तर... माहीत नाही. करारात लिहिलंय, कळताच सांगायचं."

"तू घाबरली आहेस का?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती.

"हो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर शनिवार, रविवार, सोमवार. तिने एकच निरोप पाठवला, 'फोन करू नकोस, मी करीन.' मी अमरावतीला परत आले. कॉलेजात एका मुलाच्या दाखल्यावर त्याच्या वडिलांच्या नावाच्या जागी त्याच्या काकाचं नाव लिहिलं. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. घरी भाजी निवडायला घ्यायची आणि मोबाईल समोर ठेवून बसायचं. वाजला तर भीती, न वाजला तर त्याहून भीती. नवरा यवतमाळहून आला. तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्याने फाईल काढून तो कागद पाहिला, परत लावला आणि म्हणाला, "मीसुद्धा फाडला नसता." त्याने मला बरं वाटलं नाही. दोघंही न फाडणारे, आणि सोसायचं तिने.

भाऊ दिवसातून चारदा फोन करायचा. काही विचारायचा नाही. "काय चालू आहे?" म्हणायचा. मी "काही नाही" म्हणायचे. तो ठेवायचा.

सोमवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. 'मला ठेवलं. प्रदर्शनाला पाठवत नाहीयेत. मोटारीच्या माहितीत माझं नाव नसेल. आता बोलायला नको.' मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा फक्त पहिले दोन शब्द दिसले आणि मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा उरलेलं दिसलं. दीड वर्षात एकच गाडी होते, असं तिनेच भाऊबीजेला सांगितलं होतं.

प्रदर्शन रविवारी होतं. भाऊ न सांगता सकाळीच अमरावतीला आला, पांढरा शर्ट घालून. आम्ही तिघांनी कॉम्प्युटर लावला. स्टेजवर दिवे, संगीत, परदेशी कंपनीचा मोठा साहेब बोलत होता. त्याच्या शेजारी तुरीनच्या घराण्याची तीन माणसं उभी होती. कापड ओढलं आणि ती मोटार समोर आली. जिनिंगच्या आवारातली रेघ. आता खरी, दिव्यांखाली ओली वाटावी अशी. लोक टाळ्या वाजवत होते. साहेबाने त्या तिघांची नावं घेतली आणि ते एकेक पाऊल पुढे आले.

"आपली कुठी आहे?" भाऊने विचारलं. त्याला मी सांगितलं होतं, तरी विचारलं.

"ऑफिसात. तिकडेच."

"आज तं रविवार आहे."

कार्यक्रम संपल्यावर फोन लावायची माझी हिंमत होत नव्हती; तिने पाहिलं असेल का, एकटीने पाहिलं असेल का. तिचाच फोन आला.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

"पाहिलं. फार..."

"मामा आहे का तिथं?"

मी फोन भावाकडे दिला. त्याने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. या माणसाचा आवाज मूर्तिजापूरपर्यंत ऐकू जातो असं आम्ही घरात म्हणतो. आज तो हळूच बोलला. "जेवली का व?" एवढंच म्हणाला. मग ती काहीतरी बोलत राहिली, पुष्कळ वेळ. तो "हो" म्हणायचा, पुन्हा "हो" म्हणायचा, आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचे नसलेले कण गोळा करत होता. शेवटी त्याने फोन माझ्याकडे दिला, पण तो बंद झालेला होता.

"म्हने, फाळक्यावरची रेघ मिस्त्रीनं बरोबर साधली होती," एवढंच त्याने सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही. त्याने पायात चपला सरकवल्या आणि दोन वाजताच्या बसने तो अकोल्याला गेला.